चढणीवरील धावसराव

चढणीवरील धावसराव म्हणजे लांब पल्ल्याच्या धावपटूने टेकडी, घाट, पूल किंवा जिना अशा चढत्या मार्गावर ठरावीक पद्धतीने व ठरावीक वेळा केलेला सराव होय. धावपटूंच्या बोलण्यात त्याला 'हिल ट्रेनिंग' किंवा नुसते 'हिल्स' असेही म्हणतात. ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन आणि तिच्या निम्म्या अंतराची अर्धमॅरेथॉन या दोन्ही शर्यतींच्या तयारीत या सरावाला स्थान आहे. पायांची ताकद वाढवणे, दमसास वाढवणे आणि थकलेल्या अवस्थेतही धावण्याची लय टिकवणे ही त्याची मुख्य उद्दिष्टे होत.

हा सराव थोड्या वेळात पुष्कळ श्रम घडवतो. त्यामुळे नोकरी, प्रवास आणि घर सांभाळून धावणाऱ्या हौशी धावपटूंना तो विशेष उपयोगी पडतो. मात्र त्याच कारणाने तो अतिरेकास व दुखापतीसही लवकर कारण ठरतो. प्रस्तुत लेखात या सरावाचा शास्त्रीय आधार, त्याचा इतिहास आणि नवी मुंबईसारख्या शहरात तो दैनंदिन वेळापत्रकात बसवण्याच्या पद्धती यांचा परिचय दिला आहे.

## चढाचे प्रमाण

चढाची तीव्रता टक्क्यांत मोजतात. १०० मीटर अंतर कापल्यावर उंची ५ मीटरने वाढत असेल, तर तो ५ टक्के चढ होय. एखाद्या रस्त्याच्या दोन टोकांच्या उंचीतील फरकाला रस्त्याच्या लांबीने भागून १०० ने गुणले की हे प्रमाण मिळते. उदाहरणार्थ, ३०० मीटर लांबीच्या रस्त्यावर उंची १५ मीटरने वाढत असल्यास चढ ५ टक्के येतो. धावसरावासाठी साधारणपणे ४ ते ८ टक्क्यांचा चढ सोयीचा मानला जातो. यापेक्षा सौम्य चढावर पायांना पुरेसा भार मिळत नाही, आणि फार तीव्र चढावर धावण्याची ढब मोडून धावपटू जवळजवळ चालू लागतो.

## शारीरिक आधार

सपाट रस्त्यावर धावताना शरीर मुख्यत्वे पुढे ढकलावे लागते. चढावर त्याच वेळी ते वरही उचलावे लागते. हे काम नितंबांचे, मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू करतात. पाऊल आखूड पडते, गुडघा अधिक वर येतो आणि पावलाच्या पुढच्या भागावर भार येतो. जमिनीवर आदळताना बसणारा धक्का मात्र कमी असतो, कारण पाऊल खाली पडण्याआधीच जमीन वर आलेली असते. म्हणूनच वेगाने धावण्याच्या सरावाइतके श्रम चढावर कमी वेगात घडतात.

हे श्रम किती वाढतात याचा अंदाज व्यायामशास्त्रात रूढ असलेल्या एका सूत्राने येतो. या सूत्रानुसार धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे दर मिनिटाला लागणारा प्राणवायू, मिलिलिटरमध्ये, पुढील तीन संख्यांची बेरीज असतो: वेगाची (मीटर प्रतिमिनिट) ०.२ पट, वेग व चढ यांच्या गुणाकाराची ०.९ पट आणि विश्रांतीच्या अवस्थेतील ३.५. ताशी ९ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला १५० मीटर वेगाने सपाटीवर धावणाऱ्यास ३३.५ मिलिलिटर प्राणवायू लागतो. त्याच वेगाने ५ टक्के चढावर धावल्यास तो सुमारे ४०.३ मिलिलिटरवर जातो, म्हणजे श्रम जवळपास एक पंचमांशाने वाढतात.

याच गणिताची दुसरी बाजू धावपटूस अधिक उपयोगाची आहे. श्रम पहिल्याइतकेच ठेवायचे असतील, तर ५ टक्के चढावर वेग ताशी सुमारे ७.३ किलोमीटरपर्यंत उतरवावा लागतो. सपाटीवर एका किलोमीटरला ६ मिनिटे ४० सेकंद घेणाऱ्या धावपटूने अशा चढावर सुमारे ८ मिनिटे १० सेकंद घेतले, तर तो मंदावला असे होत नाही. त्याचे श्रम तेवढेच राहिलेले असतात. म्हणून चढावर घड्याळातील वेगापेक्षा श्वासाच्या लयीकडे लक्ष देण्याचा सल्ला प्रशिक्षक देतात.

उताराचे शास्त्र वेगळे आहे. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू लांबत असताना शरीराचा भार पेलतो व गती रोखतो. या प्रकारच्या कामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि एक ते तीन दिवस पाय दुखतात. परंतु असा भार थोड्या प्रमाणात मिळाल्यावर पुढच्या वेळी तेवढ्याच भाराने होणारी इजा बरीच कमी होते. त्यामुळे उतारावर सावकाश धावणे हाही सरावाचाच भाग समजतात.

## इतिहास

चढणीच्या सरावाला पद्धतशीर रूप देणाऱ्यांत न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. ते स्वतः जोड्यांच्या कारखान्यात नोकरी करत आणि नोकरी सांभाळून धावत. स्वतःच्या शरीरावर अनेक वर्षे प्रयोग करून त्यांनी सरावाचा एक क्रम ठरवला. प्रथम दीर्घकाळ सावकाश व लांब अंतर धावणे, त्यानंतर काही आठवडे चढणीचा सराव आणि शेवटी धावपट्टीवरील वेगाचा सराव, असा तो क्रम होता. ऑकलंडजवळच्या वाइटाकेरे डोंगररांगेतील सुमारे ३५ किलोमीटरचा चढउताराचा मार्ग त्यांच्या शिष्यांचा नेहमीचा मार्ग होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये या शिष्यांपैकी पीटर स्नेल यांनी ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्ग यांनी ५,००० मीटरचे सुवर्णपदक मिळवले, तर बॅरी मॅगी यांनी मॅरेथॉनमध्ये कांस्यपदक पटकावले. याच ऑलिंपिकमध्ये १,५०० मीटरचे सुवर्णपदक मिळवणारे ऑस्ट्रेलियाचे हर्ब एलियट हे प्रशिक्षक पर्सी सेरुटी यांच्या मार्गदर्शनाखाली पोर्टसी येथील वाळूच्या टेकड्यांवर धावत असत.

पुढे लिडियार्ड यांचा क्रम जगभर स्वीकारला गेला. मोठ्या शर्यतींचे मार्गही या सरावाची गरज दाखवून देतात. बोस्टन मॅरेथॉनचा मार्ग एकंदरीत उताराचा असला, तरी सुमारे ३२ व्या किलोमीटरनंतर येणारी 'हार्टब्रेक हिल' ही चढण तिथली खरी कसोटी मानली जाते. दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स या सुमारे ९० किलोमीटरच्या शर्यतीत भारतातील अनेक धावपटू भाग घेतात. तिच्यात चढ आणि उतार या दोहोंची तयारी लागते.

## महाराष्ट्रातील परंपरा

महाराष्ट्रातील नामांकित धावपटूंपैकी अनेकजण डोंगराळ भागातून आलेले आहेत. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांच्या गटात सलग तीन वेळा विजय मिळवला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावे स्थान पटकावले. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता राऊत 'सावरपाडा एक्स्प्रेस' या नावाने ओळखल्या जातात. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरचे कांस्यपदक मिळवले. भूप्रदेशाने यश आपोआप मिळते असा याचा अर्थ नव्हे. परंतु चढउताराची सवय लहानपणापासून असल्याचा लाभ अशा धावपटूंना होतो, हे सर्वमान्य आहे.

खास चढणीसाठी प्रसिद्ध असलेली राज्यातील शर्यत म्हणजे २०१२ पासून होणारी सातारा हिल अर्धमॅरेथॉन. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेने चढून त्याच वाटेने परत येणे असा तिचा मार्ग आहे. पहिला अर्धा भाग चढाचा आणि दुसरा उताराचा असल्याने दोन्ही प्रकारचा सराव नसलेल्यास ती जड जाते. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते आणि ती सामान्यतः जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिचा मार्ग बहुतांशी सपाट आहे. तथापि, अनेक वर्षे पेडर रोडचा चढ पूर्ण मॅरेथॉनच्या परतीच्या वाटेवर, ३० किलोमीटर उलटून गेल्यावर, धावपटूंच्या वाट्याला आला आहे. एरवी किरकोळ वाटणारा हा चढ थकलेल्या पायांना मोठा वाटतो. मुंबई परिसरातील हौशी धावपटू चढणीच्या सरावाकडे वळण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

## नवी मुंबईचे भूरूप

नवी मुंबईच्या विकासासाठी शहर आणि औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजेच सिडकोची, स्थापना १९७० मध्ये झाली. शहराच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी आणि पूर्वेस पारसिकची डोंगररांग आहे. दोहोंमधील वसाहतींची जमीन बरीचशी सपाट आहे. वाशी ते बेलापूर हा सुमारे १० किलोमीटरचा पाम बीच मार्गही जवळपास समपातळीवर आहे. त्यामुळे येथील धावपटूचा रोजचा सराव सपाटीवर होतो आणि चढ मुद्दाम शोधावा लागतो.

बेलापूर येथे पारसिक टेकडीवर जाणारा डांबरी रस्ता वस्तीला लागून असल्याने सकाळच्या सरावास सोयीचा आहे. पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीतील खारघर येथील डोंगरावर चढणारा रस्ता अधिक लांब आहे. या डोंगरावर चाफेवाडी व फणसवाडी हे आदिवासी पाडे आहेत. धावपटूंच्या दृष्टीने जो सरावाचा मार्ग, तो तेथील रहिवाशांचा कामाला, शाळेला व दवाखान्यात जाण्याचा रस्ता आहे. म्हणून तो अडवून धावू नये, तेथे कचरा टाकू नये व मोठ्याने गाणी लावू नयेत, एवढे भान आवश्यक ठरते. ठाण्याजवळचे येऊर हेही धावपटूंच्या परिचयाचे आहे. मात्र ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून तेथे बिबट्याचा वावर आहे. सुट्टीच्या दिवशी लांबचा चढ हवा असल्यास नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा घाटरस्ता उपलब्ध आहे, परंतु तो अत्यंत तीव्र व वाहनांच्या वर्दळीचा आहे.

पारसिकच्या रांगेत दीर्घकाळ दगडखाणी चालल्या आणि बांधकामांसाठीही डोंगर कापला गेला. त्यामुळे काही भागांत धूळ व अवजड वाहने यांचा त्रास होतो. शहराला मोकळी हवा आणि चढ देणाऱ्या या टेकड्या शिल्लक राहणे, हा केवळ धावपटूंचा प्रश्न नाही.

## वेळेचे नियोजन

नवी मुंबईतून मुंबईत नोकरीसाठी जाणाऱ्याचे जाण्यायेण्यातच दोन तास किंवा अधिक वेळ जातो. अशा धावपटूकडे कामाच्या दिवशी सरावासाठी पाऊण तास ते एक तास एवढाच अवधी उरतो. चढणीच्या सरावाचा लाभ नेमका येथे आहे. बारा मिनिटे सावकाश धावून शरीर तापवणे, एक मिनिट चढ धावून दोन मिनिटांत सावकाश उतरणे अशा सहा फेऱ्या आणि शेवटी दहा मिनिटे हलके धावणे, हा संपूर्ण सराव चाळीस मिनिटांत पुरा होतो.

आठवड्यात असा एकच सराव पुरेसा असतो. तो मंगळवारी किंवा बुधवारी ठेवल्यास रविवारच्या लांब धावेचा थकवा ओसरलेला असतो आणि पुढच्या लांब धावेपूर्वी पायांना विश्रांतीही मिळते. दुसरा चढ रविवारच्या लांब धावेतच मिसळता येतो. उदाहरणार्थ, बेलापूर भागातून धावणाऱ्यास मार्गाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात पारसिक टेकडी घेता येते. थकलेल्या पायांनी चढ घेण्याची सवय त्यामुळे होते आणि त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

जानेवारीतील शर्यतीसाठी कालक्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे आखता येतो:

* जून ते ऑगस्ट: पावसाळ्यात सपाट व सुरक्षित मार्गावर सावकाश अंतर वाढवणे. या काळात डोंगर टाळणे इष्ट.
* सप्टेंबर: पाऊस ओसरल्यावर आठवड्यातून एकदा चार फेऱ्या. दोन फेऱ्यांच्या मध्ये उतार चालत उतरावा.
* ऑक्टोबर: फेऱ्या सहावरून आठपर्यंत. ऑक्टोबरमधील उष्म्यामुळे सराव पहाटेच उरकावा.
* नोव्हेंबर: आठ ते दहा फेऱ्या, किंवा तीन ते चार मिनिटांचे लांब चढ चार ते पाच वेळा.
* डिसेंबर: चढणीचा सराव एक आठवड्याआड. मुख्य भर शर्यतीच्या वेगावर.
* जानेवारी: शर्यतीच्या आधीचे दोन ते तीन आठवडे चढणीचा कठीण सराव पूर्णपणे बंद.

वाढत्या भाराच्या दर तीन आठवड्यांनंतर एक आठवडा हलका ठेवतात. एखाद्या आठवड्यात कार्यालयाचे काम किंवा घरचे आजारपण यांमुळे सराव चुकला, तर पुढच्या आठवड्यात दुप्पट फेऱ्या करून तो भरून काढण्याचा प्रयत्न करू नये. झोप कमी करून सराव साधणेही हिताचे नसते, कारण शरीराची दुरुस्ती झोपेतच होते. सहा तासांपेक्षा कमी झोप झालेल्या सकाळी चढणीचा सराव सोडून हलके धावणे किंवा चालणे अधिक शहाणपणाचे ठरते.

## टेकडी उपलब्ध नसल्यास

घराजवळ टेकडी नसणाऱ्यांना इमारतीचा जिना हा सर्वांत जवळचा पर्याय आहे. एका मजल्याची उंची सुमारे ३ मीटर धरल्यास वीस मजले चढून ६० मीटर उंची गाठली जाते. ५ टक्के चढावर ताशी ९ किलोमीटर वेगाने एक मिनिट धावल्यास साडेसात मीटर उंची मिळते. म्हणजे वीस मजल्यांचा जिना अशा आठ फेऱ्यांच्या बरोबरीचा होतो. जिन्यावर पावलांची लांबी पायऱ्या ठरवतात, त्यामुळे धावण्याची ढब सुधारत नाही, पण मांड्यांना बळ मिळते. उतरताना शक्यतो उद्वाहनाचा वापर करावा. पायऱ्या धावत उतरणे गुडघ्यांस व घोट्यांस धोक्याचे असते.

ट्रेडमिलवर चढाचे प्रमाण व वेग हवा तसा ठरवता येतो, आणि पावसाळ्यात तो उत्तम पर्याय आहे. त्यावर उताराचा सराव मात्र सहसा होत नाही. उड्डाणपुलांचे चढ सौम्य असतात. शिवाय अनेक पुलांवर पदपथ नसल्याने वाहत्या रहदारीत तेथे धावणे जिवावर बेतू शकते. स्वतंत्र पदपथ असल्याखेरीज पुलावर सराव करू नये.

## धावण्याची ढब

चढावर नजर पायांकडे न ठेवता दहापंधरा मीटर पुढे ठेवतात. शरीर कंबरेतून न वाकवता घोट्यापासून किंचित पुढे झुकवतात. पावले आखूड व जलद टाकतात आणि हात मागेपुढे नेटाने हलवतात, कारण हातांच्या लयीवर पायांची लय टिकते. माथ्यावर पोहोचताच थांबण्याऐवजी आणखी काही पावले धावण्याची सवय लावली, तर शर्यतीत चढ संपल्यावर लय मोडत नाही. उतारावर मागे रेलून टाचांनी गती रोखल्यास गुडघ्यांवर अधिक ताण येतो. त्याऐवजी पावले लहान ठेवून शरीराला उताराबरोबर जाऊ देणे योग्य होय.

## धोके आणि दक्षता

चढावर पोटरी व टाचेमागील कंडरा यांवर विशेष ताण येतो. सकाळी उठल्यावर टाचेमागे ताठरपणा किंवा दुखणे जाणवल्यास ते बरे होईपर्यंत चढणीचा सराव थांबवावा. नव्याने धावू लागलेल्यांनी किमान काही महिने सपाटीवर नियमित धावल्यानंतरच या सरावास हात घालावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा असाधारण धाप लागणे यांपैकी काहीही झाल्यास ती फेरी पुरी करण्याचा हट्ट न धरता तत्काळ थांबून मदत घ्यावी.

खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही व शरीर लवकर तापते. त्यामुळे पहाटेची वेळ बरी. मात्र मुंबई परिसरात जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो, म्हणजे नोकरदारांचा बराचसा सराव अंधारात होतो. अशा वेळी चमकणारी पट्टी असलेला अंगरखा व छोटा दिवा वापरणे, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावणे, कानात गाणी न लावणे आणि टेकडीवर एकट्याने न जाणे ही किमान दक्षता होय.

पावसाळ्यात डोंगरातील ओहोळांचे पाणी अचानक वाढते व दरडी सुटतात. खारघरच्या पांडवकडा धबधब्याच्या परिसरात बुडून मृत्यू झाल्याच्या घटनांमुळे पावसाळ्यात तेथे प्रवेशबंदी केली जाते. सराव चुकेल या कारणाने अशी बंदी मोडणे हे स्वतःबरोबरच शोधासाठी जाणाऱ्या बचावपथकाचाही जीव धोक्यात घालण्यासारखे आहे.

## मर्यादा

चढणीचा सराव हा लांब धावेला पर्याय नाही. मॅरेथॉनच्या उत्तरार्धात लागणारी सहनशक्ती ही मुख्यतः महिनोन्‌महिने सावकाश कापलेल्या अंतरातून येते. सर्वस्वी सपाट मार्गाच्या शर्यतीसाठी तो अपरिहार्यही नाही, आणि ज्यांच्याकडे आठवड्यातून तीनच दिवस आहेत त्यांनी आधी त्या तीन दिवसांतील नियमितपणा साधणे श्रेयस्कर. त्यानंतर त्यांपैकी एका दिवसाचा काही भाग चढणीला दिल्यास अधिक वेळ न काढताही तयारीचा दर्जा वाढू शकतो.

## हेही पहा

* मॅरेथॉन
* मुंबई मॅरेथॉन
* नवी मुंबई
* ललिता बाबर
* कविता राऊत